घडीवर

माझ्याकडे एकतीस होते.
बहुतेक बिस्किटांच्या, टायरांच्या कंपन्यांनी छापलेले,
पहिलं टपाल-विमान अमुक गावी पोचलं
त्याची आठवण म्हणून गिऱ्हाइकांना वाटलेले.
फुकटातलं कोण जपतं?
म्हणून तर आता दुर्मीळ.

ट्रेलेवचा वारा फटीतून आत शिरला
की मी आधी नकाशांचा खण लावतो, मग दार.
बायको म्हणायची, उलटं करून बघ कधीतरी.
आता कोणी म्हणत नाही.

बत्तिसावा आला बुएनोस आइरेसच्या लिलावातून.
बाईआ ब्लांकापासून रिओ गायेगोसपर्यंत
लाल शाईची रेघ, ओळंब्यासारखी सरळ,
कोपऱ्यात सोनेरी पंखांची मुलगी,
हातात पाकीट, पायाखाली ढग,
आणि तळाशी ठळक अक्षरांत: एका दिवसात.

सोबत लिलाववाल्या बास्सानीचं पत्र:
सान हुलियानच्या जरा वर
पेन्सिलीची खूण आहे, कोणी केली कळत नाही.
किंमत म्हणून निम्मी लावली.
हवं तर आमच्याकडे एक बाई आहेत,
पावाच्या गराने पुसून देतात,
मागमूस उरत नाही.

मी भिंग घेतलं.
नेमकी घडीवर,
कागद झिजून जिथे कापूस झालाय तिथे,
लाल रेघेला एक करडी फांदी फुटलेली,
करंगळीच्या पेराएवढी, आत जमिनीकडे.
टोकाला फुली. फुलीपाशी आकडा: ८.
आठ काय? मैल? वाजले होते? पेसो?
चाळीस वर्षं तारा पाठवल्या मी, ऑफिसात बसून,
एवढा छोटा मजकूर कधी हातात आला नव्हता.

नोव्हेंबरात ओव्हेनच्या पिकअपमधून गेलो.
दोन दिवस रस्ता, एक दिवस रस्त्यासारखं काहीतरी.
फुलीच्या जागी तारेचं कुंपण होतं,
मेंढ्या, पत्र्याची शेड,
आणि ओर्फेलिना कात्रिलेओ, वय एक्याऐंशी.
नकाशाला हात लावण्याआधी
तिने हात दोनदा पुसले.

"आठ माणसं," म्हणाली,
जणू कालच विचारलं होतं मी.
विमान उतरलं खरं,
पण वाऱ्याला ते परत हवं होतं.
दोर तुटले, कुंपणाचे खांब मुळासकट वर आले.
मग लोकर कातरायला आलेली माणसं
चार या पंखावर, चार त्या पंखावर,
पोटाखाली कॅनव्हास घट्ट धरून
पहाटेपर्यंत आडवी.
वैमानिक आत चुलीपाशी झोपला.
"त्याला झोपायलाच हवं होतं," ती म्हणाली,
"सकाळी उडायचं कोणाला होतं?"
तिच्या बापाची दोन बोटं त्या रात्री गेली.
कोणती, तेही तिने दाखवलं, स्वतःच्या हातावर.

मग विचारलं:
पत्रं पोचली का?

बत्तीस नकाशे माझ्याकडे,
प्रत्येकाची शाई कुठली, छापखाना कुठला,
कोणत्या साली किती प्रती, तोंडपाठ.
हे मला ठाऊक नव्हतं.
एका दिवसात, असं छापलंय, म्हणालो.
ती इतकी हसली
की शेडमधलं कुत्रं बाहेर येऊन बघून गेलं.

तिला पाच नावं आठवली.
उरलेल्या तिघांतला एक चिलीचा होता,
एक गायचा,
एकाबद्दल काहीच नाही.

घरी आलो. बास्सानीला लिहिलं, पुसू नका,
मग लक्षात आलं, नकाशा तर माझ्याकडेच आहे.
टेबलावर पालथा घातला
आणि जे जन्मात केलं नव्हतं ते केलं:
मऊ पेन्सिलीने, घडी सोडून,
पाच नावं. खाली तीन ओळी कोऱ्या.

तेवढ्यात दार उघडलं वाऱ्याने.
खण उघडाच होता, दारही.
उठलो नाही.
दोन्ही हात पसरून कागदावर ओणवा झालो,
चार बोटं इकडे, चार तिकडे,
आणि तसाच राहिलो
बराच वेळ.